कुंपणाचा कायदा आणि उसाचा फड



पूर्वहंगामी लागवडीच्या दिवसांत साखरा गट ऑफिसात एक तरुण सभासद आला. हातात मोबाईल. म्हणाला, "साहेब, हे बघा." पडद्यावर परदेशातले शेत होते. उंच जाळीचे कुंपण, आत हिरवे गवत आणि त्यावर शे-दीडशे हरणे शेळ्यांसारखी चरताहेत. मालक फाटक उघडतो, शीळ घालतो, आणि कळप एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातो. पोराचे म्हणणे सरळ होते. "आपली हरणं तर आपल्याच हरभऱ्यात अन् उसाच्या कोंबात फुकट चरतात. मग आपणच पाळली तर काय वाईट? कुंपण किती फूट लागतं आणि परवाना कुठं मिळतो, तेवढं सांगा."

ऑफिसात बसलेले चार जण हसले. मी हसलो नाही. प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. ज्याचे नुकसान होते त्याच्या डोक्यात असला विचार यायचाच. दुसरे असे की, कुंपणासाठी सरकारचा कायदा विचारायला आलेला सभासद मला माझ्या नोकरीत पहिल्यांदाच भेटला. बाकी सारे कुंपण घालून मोकळे होतात. म्हणून त्याला दिलेले उत्तर आणि त्यानंतर मनात आलेले आणखी काही या पानावर मांडतो. खाली दिलेले मत माझे व्यक्तिशः आहे, संचालक मंडळाचा ठराव नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रथम हरणे पाळण्याचे. त्या पोराने पाहिलेले शेत बहुधा न्यूझीलंडचे असावे. त्या देशात मुळात हरीण नव्हते. इंग्रज लोकांनी एकोणिसाव्या शतकात शिकारीच्या हौसेपायी ते तिकडे नेऊन सोडले. पुढे ते इतके वाढले की डोंगरावरची झाडे-झुडपे उजाड होऊ लागली आणि सरकारला पगारी शिकारी नेमावे लागले. शेवटी १९७० च्या सुमारास परवाने देऊन हरणांची शेती सुरू झाली. त्यांचे कुंपण साधारण दोन मीटर म्हणजे साडेसहा फुटांचे असते, कारण पाळलेले हरीण उडी मारून बाहेर गेले तर मालकाचे नुकसान आणि शेजाऱ्याचेही. तिकडे कुंपणाचा कायदा आहे तो हरीण आत ठेवण्यासाठी.

आपल्याकडे तो प्रश्नच येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघ-बिबट्याच्या पंगतीला. चितळ, रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहेत. २०२२ मध्ये या कायद्यात दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२३ पासून अनुसूच्यांची नवी मांडणी लागू झाली, तीतही ही जनावरे संरक्षितच राहिली. यांतले कोणतेही जनावर धरता येत नाही, धंद्यासाठी पाळता येत नाही, विकता येत नाही. या कायद्यात "शिकार" या शब्दाचा अर्थही आपण समजतो तेवढाच नाही. बंदुकीने मारणे तर आलेच, पण विष घालणे, फासा लावणे, सापळा लावून धरणे, आणि यातले काही करण्याचा नुसता प्रयत्न करणे, हे सगळे शिकारीतच मोडते. प्राणिसंग्रहालय काढायचे म्हटले तरी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते, आणि ती काही दोन एकरवाल्याला उत्पन्नाचे साधन म्हणून मिळत नसते.

मान्यता असली तरी निभावणे सोपे नाही. दिल्लीत हौज खास भागात डिअर पार्क आहे. १९६० च्या दशकात तिथे मोजकी पाच-सहा हरणे आणून सोडली. २०२३ पर्यंत ती सहाशेच्या घरात गेली. शेवटी त्या वर्षी प्राधिकरणाने त्या जागेची मान्यता रद्द केली आणि हरणे दुसरीकडे हलवायचे ठरले. राजधानीत, सरकारी खर्चाने, पक्क्या कुंपणात हे झाले. आपल्या माणसाने कुणाच्या भरवशावर कळप वाढवायचा? विकता येत नाही, मारता येत नाही, सोडून दिला तर पुन्हा शेजाऱ्याच्याच शेतात. इमूपालनाच्या नादात कितीजण हात पोळून बसले ते आपण पाहिले आहे. इमू निदान कायद्याने पाळता तरी येत होता.

याच ओघात एक गोष्ट सांगायची राहू नये. तोडीच्या किंवा खुरपणीच्या वेळी बांधाच्या कडेला, गवतात हरणाचे पाडस सापडते. माय सोडून गेली असे समजून दयेपोटी लोक ते घरी आणतात, शेळीचे दूध पाजतात, गळ्यात घंटी बांधतात. हेतू चांगला असला तरी तो गुन्हा ठरतो, आणि पाडसाचेही त्यात भले नसते. हरिणी पिल्लाला गवतात दडवून लांब चरायला जाते आणि परत येते. पाडस आहे तिथेच राहू द्यावे, टोळीला थोडे बाजूला लावावे, आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. जुन्नरकडे उसात बिबट्याची पिल्ले सापडली तरी वनखाते ती त्याच जागी ठेवून मादीची वाट पाहते. हरणाचे तर त्याहून सोपे आहे.

असो. त्या पोराला मी म्हटले, "बाबा रे, हरीण आत ठेवायचं कुंपण आपल्या नशिबात नाही. हरीण बाहेर ठेवायचं कुंपण मात्र आहे, आणि त्यालाही कायदा आहे." तो म्हणाला, "त्याला कसला आलाय कायदा? माझा बांध, माझी तार." इथेच आपण सगळे चुकतो.

आधी नुकसान कोण कसे करते ते पाहू, कारण त्यावर कुंपण ठरते. काळवीट हा उघड्या माळाचा प्राणी. आपल्या शेजारच्या वाशीम जिल्ह्यात कारंजा-सोहोळला काळविटांसाठी अभयारण्य आहे, तिकडे नगर जिल्ह्यात (आताचा अहिल्यानगर) रेहेकुरीला १९८० पासून आहे. पण अभयारण्यात मावतील तेवढेच काळवीट महाराष्ट्रात नाहीत, बाकीचे आपल्या शिवारात आहेत. वाढलेल्या उसात काळवीट शिरत नाही, त्याला लांबवरचे दिसले पाहिजे. त्याचा त्रास असतो तो सोयाबीन-हरभऱ्याला आणि नुकत्या फुटलेल्या लागवडीला किंवा खोडव्याला. रोही मोठे जनावर. कोंब खाते, वाढे ओरबाडते, आणि जिथून जाते तिथे सऱ्या तुडवून टाकते. रानडुक्कर मात्र उसातच घर करते. पक्व ऊस बुडाशी चावते, कारण गोडी तिथेच जास्त असते. अर्धा खाते, अर्धा पाडते. पडलेल्या उसाला उंदीर लागतात, पांक्षा फुटतात, वजन घटते आणि उताराही घटतो. म्हणजे मालकाचे टन गेले आणि कारखान्याची साखरही गेली. डुकराने उद्ध्वस्त केलेला फड पाहून सभासद माझ्याजवळ रडलेले आहेत. त्यांना कायदा शिकवताना माझीही जीभ अडखळते, हे खरे आहे.

आता कुंपणे. बोराटीचा फास आपल्या बापजाद्यांपासून आहे. जुन्या लुगड्यांचे कुंपण हल्ली सगळीकडे दिसते. चार दिवस जनावर बिचकते, पाचव्या दिवशी लुगड्याखालून येते. काटेरी तारेने गुरे अडतात, डुकरू अडत नाही. जाळी चांगली, पण महाग, आणि बुडाशी गाडली नाही तर डुक्कर उकरून आत येते. यातल्या कशालाही परवाना लागत नाही. मात्र वहिवाटीचा रस्ता बंद करता येत नाही. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदार असे अडथळे काढायला लावू शकतात, आणि बांधावरून जाण्याच्या हक्काची तरतूद महसूल अधिनियमाच्या कलम १४३ मध्ये आहे. याचा आपल्याशी संबंध आहेच. दर हंगामात कुणी तरी नवी जाळी ठोकतो आणि मागच्या दोघांचा ऊस ट्रॅक्टर जाईना म्हणून उभा राहतो. कुंपण घालताना दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वळेल एवढे, बारा-चौदा फुटांचे फाटक सोडा. हे मी लागवडीआधी सांगतो आणि तोडीच्या वेळी त्यावरूनच भांडणे सोडवत बसतो.

झटका मशीन हा अलीकडचा चांगला उपाय. सौर पाट्यावर बारा व्होल्टची बॅटरी भरते, मशीन तिच्यातून तारेत सेकंदा-सव्वासेकंदाला एक ठोका सोडते. ठोक्याचा दाब काही हजार व्होल्ट असतो, पण तो सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो. जनावर दचकते, मागे सरते. माणसाचा हात लागला तर तोही दचकतो, शिव्या देतो आणि घरी जातो. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळेत हात सुटतो, यातच सगळे आले. डुकरासाठी खालची तार जमिनीपासून वीत-दीड वीत उंच हवी, रोह्यासाठी वरची तार पाच फुटांपर्यंत न्यावी. तारेला गवत टेकू देऊ नये. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकावे. काटेरी तारेत झटका कधीही सोडू नये, कारण अंगातले कापड अडकून माणूस तिथेच ठोके खात राहतो. पिवळी पाटी लावावी. आणि मशीन मानक चिन्हाचे, पावतीचे घ्यावे. बाजारात कुणी तरी डब्यात ट्रान्सफॉर्मर बसवून "झटका" म्हणून विकतो. त्यातला वीजप्रवाह नेमका किती हे त्यालाच ठाऊक नसते.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. आपल्या शिवारात अजूनही काही फडांभोवती साधी तार असते, आणि रात्री तिला स्टार्टरच्या पेटीतून किंवा थेट आकडा टाकून करंट सोडलेला असतो. कोण सोडतो, सगळ्यांना माहीत असते. बोलत कुणी नाही.

घरगुती २३० व्होल्टच्या विजेत ठोका नसतो. ती सलग वाहते. दहा-वीस मिलीअँपिअरला हाताचे स्नायू आवळतात आणि धरलेली तार सोडता येत नाही. तीस मिलीअँपिअरच्या पुढे जीव धोक्यात येतो, म्हणून तर घरातले वीजरक्षक यंत्र तेवढ्यावर तुटायला बसवलेले असते. पाणी दिलेल्या सरीत अनवाणी उभ्या माणसातून याच्या कितीतरी पट वीज जाते. डुकराला मारायला जी तार लावली तिला डुक्कर कोण आणि दारे धरायला आलेला शेजारी कोण, हे कळत नाही. जिथे अजून रात्रीची लाइन आहे तिथे अर्धे शिवार रात्री बॅटरी घेऊन फिरत असते. आणि पहाटे साडेचारला, अंधारात, फडात पहिले पाऊल कोण टाकते? आपली टोळी. बाहेर गावाहून आलेली, ज्यांना या बांधावर काय आहे हे ठाऊक नाही अशी माणसे.

कायदा इथे चारी बाजूंनी आहे. आकडा टाकला तर वीज अधिनियम, २००३ च्या कलम १३५ खाली वीजचोरी, तीन वर्षांपर्यंत कैद. काळवीट मेले तर वन्यजीव कायद्याने कमीत कमी तीन वर्षे, जास्तीत जास्त सात, आणि दंड पंचवीस हजारांहून कमी नाही. रोही-डुक्कर मेले तरी तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. माणूस मेला तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १०६, निष्काळजीपणाने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत कैद. आणि जीव जाईल हे ठाऊक असूनही तार सोडली असे न्यायालयाला वाटले तर कलम १०५, सदोष मनुष्यवध. "माझा बांध, माझी तार" हे तिथे चालत नाही. कायद्याने नुकसान करणारे जनावर मारायचेच असेल तर त्याला कलम ११ ची वाट आहे. दुसऱ्या अनुसूचीतील जनावर उभ्या पिकाला धोका झाले तर वनखात्याचा अधिकारी लेखी कारण देऊन परवानगी देऊ शकतो. विजेच्या तारेची परवानगी मात्र कुणीही देऊ शकत नाही.

हे सगळे मी लिहितो आहे, पण माझे हात स्वच्छ नाहीत. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गावाचे नाव सांगत नाही. तोडणी प्रोग्रॅमसाठी चिटबॉयबरोबर एका फडावर गेलो. बांबूच्या खुंट्यांवरून गुडघ्याएवढी तार फिरवलेली, एक टोक मोटारीच्या पेटीकडे गेलेले. मी मालकाकडे पाहिले. तो हसून म्हणाला, "रात्रीचंच सोडतो साहेब, पहाटं बंद करतो. तुम्ही काळजी करू नका." मी "जपून हं मामा" म्हणालो आणि प्रोग्रॅमवर सही केली. तो जुना सभासद, ऊस चांगला, घरी चहा झालेला. एवढ्यावर मी गप्प बसलो.

तिसऱ्या दिवशी टोळी आली. मालक लग्नाला गेलेला, घरी मुलाला बटणाचे सांगायचे राहिले. पहिल्या गाडीचा बैल फडाच्या कोपऱ्यावर गेला आणि जागेवर कोसळला. गाडीवान जुवावरून बाजूला फेकला गेला म्हणून वाचला. गाडीत मागे त्याची बायको होती, मांडीवर वर्षाचे पोर. ती उतरायच्या बेतात होती. मी पोहोचलो तेव्हा ती बांधावर बसून होती, पोराला घट्ट धरून, आणि कुणी काही विचारले तरी बोलत नव्हती. बैलाचे पैसे मुकादमामार्फत चुकते झाले. पंचनामा झाला नाही. मालकाने तार गुंडाळली, टोळीने दुपारनंतर तोड सुरू केली, संध्याकाळी ऊस काट्यावर गेला. मीही कुठे नोंद केली नाही. बैल आधी गेला नसता तर काय झाले असते, हे त्या दिवशी सगळ्यांना कळत होते आणि सगळ्यांनी ते गिळले.

म्हणून माझे मत असे आहे की, ज्या फडाला विजेची तार आहे त्या फडाला कारखान्याने तोड देऊ नये. चिटबॉयने पाहणी करताना चारी बांध फिरावेत. तार दिसली, तर ती काढून खुंट्या उपटल्याशिवाय प्रोग्रॅममध्ये नाव धरू नये. मुकादमाला फड दाखवताना कुंपण कोणते आहे ते स्लिपवर लिहून द्यावे. झटका मशीन असेल तर तोडीच्या आदल्या संध्याकाळी बॅटरी काढून घरी नेलेली असावी. असे वागायचे तर सहीची जबाबदारी माझ्यावर येते, हे मला मान्य आहे.

यावर लोक काय म्हणतील ते माहीत आहे, कारण काहींनी आताच म्हटले आहे. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "कारखाना काय पोलीस आहे का? ऊस न्या, बाकीचं सरकार बघंल." बरोबर आहे, कारखाना पोलीस नाही. पण फडात माणसे पाठवणारा कारखानाच आहे. टोळीशी करार आपला, उचल आपली, मग ज्या अंधारात ती शिरते तो अंधारही काही प्रमाणात आपलाच. दुसरे म्हणणे असे की तोड थांबली तर ऊस वाळेल, सभासद शेजारच्या कारखान्याला ऊस घालील. घालील. एखाद-दोन फडांचा ऊस गेला तर जाऊ द्यावा, असे मला वाटते. कार्यकारी संचालकसाहेबांना हे वाक्य आवडणार नाही, पण टनेजचे हिशेब मी त्यांच्याइतकेच रोज करतो.

तिसरे म्हणणे मात्र खोडून काढण्यासारखे नाही. "करंट सोडू नको म्हणता, मग डुकराचं काय करू ते सांगा. भरपाई तरी कुठं मिळते?" भरपाई मिळते, पण मागावी लागते आणि वेळेत मागावी लागते. वनखात्याच्या यादीत रानडुक्कर, रोही, रानगवा, माकड, हत्ती यांच्याबरोबर "हरिण (सारंग व कुरंग)" असा भारदस्त उल्लेख आहे. तो आपल्या माळावरच्या हरणांचाच. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांत अर्ज गेला पाहिजे. आपल्याकडे तीन दिवस तर शेजाऱ्याला सांगण्यातच जातात. अर्जाला सातबारा लागतो, पंचनाम्याला वनखाते, महसूल आणि कृषी खात्याचे लोक येतात. उसाची भरपाई टनावर असते, आणि उभ्या फडात किती टन होता हे सिद्ध करताना सभासद अडतो. इथे गट ऑफिस उपयोगी पडू शकते. तुमच्या उसाची नोंद आमच्याकडे असते, क्षेत्र, जात, लागवडीची तारीख, लागण की खोडवा, सगळे. त्याची सही-शिक्क्याची नक्कल मागेल त्याला त्याच दिवशी द्यायला मी बांधील आहे. खुरांचे ठसे आणि चावलेली कांडी यांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पडलेला ऊस पंचनाम्याआधी गोळा करू नका. भरपाईने सगळे नुकसान भरून निघत नाही, हे कबूल. पण अर्जच केला नाही, तर आपल्या शिवारात वन्यप्राण्यांचा त्रास आहे असा कागदही सरकारदरबारी तयार होत नाही. आणि कुंपणाच्या योजनेत गाव बसवायचे म्हटले की हाच कागद मागतात. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान दिले जाते. आपले गाव त्यात बसते की नाही हे वनपरिक्षेत्र कार्यालयातच विचारावे लागेल, आणि एकट्याने नव्हे, ग्रामपंचायतीच्या ठरावानिशी.

खर्चाचे म्हणाल तर एक साधा हिशेब मांडतो. एक एकराचा चौकोनी तुकडा धरला तर त्याचा फेरा सुमारे ८३५ फूट होतो. पंचवीस शेतकऱ्यांनी आपापल्या एकराला वेगवेगळे कुंपण घातले तर २०,८७५ फूट झाले, आणि तारेच्या चार ओळी म्हटल्या तर त्याच्या चौपट तार. तेच पंचवीस एकर एकाच चौकोनात घेतले तर फेरा सुमारे ४,१७५ फूट. पाचवा हिस्सा. आपली शेते चौकोनी नाहीत, मधे ओढा येतो, सगळे कबूल, तरीही निम्म्याहून पुष्कळ कमी काम होते. पंचवीस मशीनच्या जागी एक मोठे पुरते. शिवाय एकट्याने कुंपण घातले की कळप शेजाऱ्याकडे वळतो, मग शेजारी चिडून करंट सोडतो. मी पाहिलेल्या निम्म्या तारा अशाच शेजाऱ्याच्या जाळीमुळे लागलेल्या आहेत.

म्हणून दुसरी सूचना. ज्या सभासदांचे फड लागून आहेत त्यांनी गट करून सामाईक झटका कुंपण घातले तर कारखान्याने त्यासाठी बिनव्याजी उचल द्यावी आणि ती ऊस बिलातून दोन हंगामांत कापून घ्यावी. ठिबकसाठी, बेण्यासाठी आपण देतोच. बांध कुणाचा, बॅटरी कुणाच्या घरी राहील, गवत कोण काढील, यावरून भांडणे होतील. पाळ्या आधीच लिहून घ्याव्या लागतील. हे काम शेतकी खात्याने अंगावर घ्यावे, त्यात माझा वेळ जाईल, पण फडाची पाहणी करता करता ते होण्यासारखे आहे.

दोन्ही सूचना लेखी स्वरूपात शेतकी समितीकडे दिल्या आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय निघाला तर सभासदांनी जरूर बोलावे, माझ्या विरुद्ध असले तरी बोलावे.

हरणे पाळायला निघालेला तो पोरगा परवा पुन्हा आला होता. या वेळी मोबाईल खिशात, हातात वहीचे पान. त्याच्या आणि शेजारच्या सहा जणांच्या शेताचा नकाशा त्याने पेनाने काढला होता, मधे ओढा, एका बाजूला वहिवाटीचा रस्ता, आणि फेरा फुटात मांडलेला. सातांपैकी पाच जण तयार आहेत, सहावा विचार करतो म्हणाला आहे. सातव्याच्या फडाभोवती काय आहे ते पोराने सांगितले नाही, मी विचारलेही नाही. येत्या शनिवारी चिटबॉयला घेऊन मी तिकडे जाणार आहे.

– ऊस विकास अधिकारी